आवडलेल्या अल्बमची माफी कुणाकडे मागतोस?

पत्र

ताई, मी म्हापशाचा. वय 24, पर्वरीला नोकरी करतो आणि चौघांच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. मी नववीत असताना आमच्या वाड्यावरच्या दादाने मला ग्रीन डे या अमेरिकन बँडची 'डूकी' ऐकवली, त्यांचा 1994 चा अल्बम, आणि तिथून पंकचं, म्हणजे त्या वेगवान, खडबडीत, बंडखोर रॉकचं, वेड लागलं. दादा आता चाळिशीला टेकलाय. आमच्या बँडमध्ये गिटार तोच वाजवतो. मार्च 2025 मध्ये आम्ही चौघं मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डेला ऐकायला गेलो. परत येताना 'सेव्हियर्स' या त्यांच्या नव्या अल्बमवरून आमचा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. दादा म्हणतो, हा अल्बम गुळगुळीत आहे, यात पंक काहीच नाही, हे लोक कधीचे विकले गेलेत. मला तो मनापासून आवडतो. तसं बोललो तर म्हणतो, 'डूकी' आली तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, तू नुसता पोझर आहेस, पंकचा आव आणणारा. पावसाळ्यात कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या एका शॅकवाल्याने, म्हणजे झोपडीवजा हॉटेलवाल्याने, सीझनभर दर शनिवारी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायला बोलावलं, तेव्हापासून तर तो फारच चिडचिड करायला लागला. आता त्याने बँडचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडलाय, दर रविवारी त्याच्या गॅरेजमध्ये होणारी प्रॅक्टिस बंद आहे आणि माझा ड्रमसेट तिथेच अडकलाय. अल्बम खरंच वाईट आहे का? माझे कान अजून तयार नाहीत का? दादाशी बोलू तरी कसं?

— म्हापशाचा ड्रमर

उत्तर

प्रिय मित्रा,

तुझे कान तयार आहेत आणि 'सेव्हियर्स' वाईट अल्बम नाही. ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकते. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न तिसराच आहे, त्याकडे येतेच. पण अल्बमवरही नीट बोलूया. 'गाण्यावरून कसली भांडणं करता' असं तुम्हाला घरी ऐकावं लागत असेल. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या दोस्तीचा जन्मच एका अल्बममधून झालाय, मग भांडण अल्बमवरून झालं तर त्यात नवल काय?

उत्तर लिहायला बसण्याआधी मी 'सेव्हियर्स' हेडफोन लावून पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. 15 गाणी, साधारण 46 मिनिटं. पहिल्याच गाण्यात भरधाव चाललेला वेग मध्येच मोडतो, तंतुवाद्यं येतात आणि मग गिटार पुन्हा उसळी घेते. ती जागा मला फार आवडली. 'डायलेमा' हे तर या अल्बमचं काळीज. बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँगने ते स्वतःच्या व्यसनाबद्दल लिहिलंय. 2012 मध्ये तो उपचारांसाठी दाखल झाला होता, ही गोष्ट त्याने कधी लपवलेली नाही. गाणं हळू, झुलत्या चालीत सुरू होतं आणि मग गिटारचं डिस्टॉर्शन, तो खरखरीत आवाज, अंगावर येतं. 'फादर टू अ सन' हे बापाने मुलाला उद्देशून म्हटलेलं गाणं आहे. 'डूकी' आली तेव्हा बिली जो 21 वर्षांचा होता, 'सेव्हियर्स' आला तेव्हा 51 वर्षांचा. 'डूकी'त घरात बसून बसून येणारा कंटाळा आहे, विनाकारण वाटणारी धास्ती आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तोच कंटाळा तसाच्या तसा पुन्हा गायला असता, तर खोटेपणाचा आरोप करणाऱ्यांत मीही सामील झाले असते.

आता दादाची बाजू. ती तू पत्रात एका ओळीत उडवून लावलीस, पण तिच्यात दम आहे. अल्बम लांबलाय. 'कॉर्व्हेट समर'पासून पुढची दोन-तीन गाणी ऐकताना माझं लक्ष उडालं. माझ्या हातात असतं तर मी चार गाणी काढून टाकली असती. 'वन आइड बास्टर्ड'चा रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, पॉप गायिका पिंकच्या 'सो व्हॉट'ची आठवण करून देतो, हे पुष्कळांनी बोलून दाखवलंय. दादाने तो मुद्दा काढला असेल तर वाद घालू नकोस, मान्य करून टाक. शिवाय तो या बँडबरोबर किती काळ चाललाय ते बघ. 2012 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्यात त्यांनी तीन अल्बम काढले आणि त्यांतली बरीच गाणी भरतीची होती. 2020 चा 'फादर ऑफ ऑल' जेमतेम 26 मिनिटांचा, तो तर कित्येक जुन्या चाहत्यांच्या पचनीच पडला नाही. अशात 'सेव्हियर्स'साठी रॉब कॅव्हालो परत येणार असं कळलं. 'डूकी' आणि 'अमेरिकन इडियट' ज्याच्या हाताखाली झाले तो निर्माता. दादाने किती आशेने ते पहिलं गाणं लावलं असेल! तू तो अल्बम कोऱ्या मनाने ऐकलास. त्याच्या मनात मात्र आधीच्या सगळ्या निराशा साठलेल्या होत्या.

तरीही 'गुळगुळीत' आणि 'विकले गेले' हे दोन आरोप मला पटत नाहीत. कारण ग्रीन डेवर हेच दोन आरोप सगळ्यांत आधी झाले ते दादाच्या लाडक्या 'डूकी'वरून.

कॅलिफोर्नियात बर्कली इथे 924, गिल्मन स्ट्रीट या पत्त्यावर एक क्लब आहे. 1986 च्या शेवटच्या दिवशी तो सुरू झाला. दारू नाही, वयाची अट नाही आणि सगळा कारभार स्वयंसेवकांच्या हाती. ग्रीन डे तिथेच वाढले. त्या क्लबचा एक ठाम नियम होता: मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवता येणार नाही. 1993 मध्ये ग्रीन डेने वॉर्नर या मोठ्या कंपनीच्या रिप्राइज या लेबलशी करार केला आणि ज्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच दार लावून घेतलं. 1 फेब्रुवारी 1994 ला 'डूकी' आली. ती बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली, पहिलं मिक्स पसंत पडलं नाही म्हणून पुन्हा नव्याने मिक्स केलेली, चांगली घासूनपुसून बाहेर काढलेली. दादाला आज जो खडबडीत, खराखुरा आवाज वाटतो तो त्या काळी गिल्मनच्या पोरांना गुळगुळीत वाटत होता. अमेरिकेत तिच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आणि जुन्या मित्रांच्या लेखी हा खप म्हणजे विकले गेल्याचा पुरावाच ठरला. बिली जोला हे किती लागलं असेल ते 1995 च्या 'इन्सोम्नियॅक'मधलं '86' ऐकलंस की कळतं. ते गाणं त्या बंद दारावरच आहे. पुढे 2015 मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी ग्रीन डे पुन्हा गिल्मनला वाजवायला गेले. मधे वीस वर्षांहून जास्त काळ गेला होता.

हे फक्त ग्रीन डेच्याच वाट्याला आलं असं नाही. द क्लॅश या लंडनच्या पंक बँडने जानेवारी 1977 मध्ये सीबीएस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला तेव्हा त्यांचा पहिला अल्बमही यायचा होता. तेवढ्यातच लंडनमध्ये 'स्निफिन ग्लू' हे हाताने काढलेलं मासिक चालवणाऱ्या मार्क पेरीने पंक मेल्याचं जाहीर करून टाकलं. त्याच क्लॅशने डिसेंबर 1979 मध्ये 'लंडन कॉलिंग' आणला. त्यात रेगे, स्का, रॉकबिली, असं सगळं. 'हे कसलं पंक' असं म्हणणारे तेव्हाही होते. पण 19 गाण्यांचा तो दुहेरी अल्बम बँडने कंपनीशी भांडून एका अल्बमच्या किमतीत विकायला लावला. माझ्या लेखी पंक या भांडणात आहे. गिटारवर किती धूळ आहे यावरून मी ते मोजत नाही.

पण याच्या उलटही घडलंय, तेही सांगते. नाहीतर तू हे पत्र दादाच्या तोंडावर नेऊन आपटशील. बॅड रिलिजन या अमेरिकन पंक बँडने 1983 मध्ये 'इन्टू द अननोन' नावाचा कीबोर्डने भरलेला, लांबलचक गाण्यांचा अल्बम काढला. चाहत्यांनी तो सपशेल नाकारला. दोन वर्षांनी बँड परत आला तेव्हा नव्या रेकॉर्डचं नावच 'बॅक टू द नोन' होतं आणि आधीचा अल्बम त्यांनी स्वतःच बाजूला सारला. म्हणजे चाहते नेहमीच हेकेखोर असतात असं नाही. कधीकधी बँडचं चुकतं आणि ते तोंडावर सांगणारा माणूस बँडचा खरा हितचिंतक असतो. मग ठरवायचं कशावर? गाण्यावर. कराराच्या कागदावर नाही आणि ऐकणाऱ्याच्या जन्मतारखेवर तर नाहीच.

जन्मतारखेचा विषय निघालाच आहे तर जरा हिशेब करूया. दादा चाळिशीला टेकलाय म्हणतोस, म्हणजे 'डूकी' आली तेव्हा तोही आठ-नऊ वर्षांचा असणार. त्या वयात म्हापशात बसून त्याने ती पहिल्याच दिवशी ऐकली असेल असं मला वाटत नाही. त्यालाही ती कुणीतरी मागाहून ऐकवली असेल, त्याने तुला ऐकवली, तू उद्या आणखी कुणाला ऐकवशील. मात्र हा हिशेब भांडताना त्याच्यासमोर मांडू नकोस. मोठ्या माणसाला त्याच्या वयावरून पकडलं की पुढचं बोलणं तिथेच बंद पडतं.

तू ड्रमर आहेस, तेव्हा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरत्यांना घुमट या आपल्या मातीच्या तालवाद्यावरही हात मारलेला असणारच. आपल्याकडे घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद होत गेलं आणि आता बकऱ्याचं कातडं लावतात. 2019 मध्ये घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं तेही या नव्या कातड्यासकट. वाड्यावरचे जुने वादक अजूनही सांगतात की तो पूर्वीचा नाद आता येत नाही. त्यांचं खोटं नाही, त्यांच्या कानात तो नाद आहे. पण चवथ आली की हेच लोक सगळ्यांत आधी मांडी घालून बसतात, साथीला शामेळ हा ढोल वाजवणाऱ्याला खूण करतात आणि शेजारी बसलेल्या पोराची थाप चुकली तर त्याच्या हातावर हात ठेवून बरोबर करतात. 'तुझं घुमट खोटं' असं कुणी त्या पोराला म्हणत नाही. दादाने तुला हे एवढंच द्यायचं आहे. नवा अल्बम त्याला आवडलाच पाहिजे असं मुळीच नाही.

आता खरा प्रश्न. तुझं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अडखळले ती शॅकच्या ओळीवर. मार्चपासून वाद चालू होता, पण चिडचिड वाढली ती पावसाळ्यात, कळंगुटचं बोलावणं आल्यावर. त्याने ग्रुप सोडला तोही त्यानंतरच. मार्च ते पावसाळा तुम्ही 'सेव्हियर्स'वर भांडत होतात आणि तरीही प्रॅक्टिसला बसत होतात, हे तुझ्या लक्षात आलं का? गाण्यावरच्या भांडणाने तुमचा बँड बंद पडलेला नाही. 'विकले गेले' हे तो ग्रीन डेला म्हणत होता तोवर ठीक चाललं होतं. पावसाळ्यानंतर ते तो तुम्हाला म्हणतोय, फक्त नाव ग्रीन डेचं घेतोय.

आणि एक गोष्ट तू पत्रात लिहिलेली नाहीस. शॅकवाल्याने बोलावलं, बरं. पण त्याला होकार कुणी दिला? चौघं एकत्र बसून ठरवलंत, की तुम्ही तिघांनी ग्रुपवर अंगठे टाकले आणि दादाने ते फोनवर वाचलं? मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. तसं झालं असेल तर त्याचा राग रास्त आहे. जो माणूस रविवार-रविवार आपलं गॅरेज उघडून देतो, ज्याच्यामुळे तुमच्यातल्या किमान एकाने तरी ड्रमच्या काठ्या हातात घेतल्या, त्याला न विचारता बँडचे शनिवार देऊन टाकले असतील, तर ते चूकच.

शॅकवर वाजवण्यात मला स्वतःला काही कमीपणा वाटत नाही. गोव्यात संगीतावर पोट भरणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, त्यात लाज कसली? शिवोलीच्या गायक रेमो फर्नांडिसचंच घे. 1984 चा 'गोवन क्रेझी' हा अल्बम त्याने घरी बसून रेकॉर्ड केला, सगळी वाद्यं स्वतः वाजवली, कव्हरवरचं चित्र स्वतः काढलं आणि कॅसेट्स स्कूटरवर घालून स्वतः दुकानोदुकानी पोचवल्या. कुठल्या कंपनीची वाट बघितली नाही. अमेरिकेतल्या पंकवाल्यांनी ज्या पद्धतीचा झेंडा मिरवला ती पद्धत आपल्या बार्देश तालुक्यात एका माणसाने एकट्याने राबवून दाखवली, तेव्हा तुझा दादा अजून जन्मत होता. रेमोला आपली गाणी विकायची होती आणि ती त्याने विकली. काय वाजवायचं, कसं वाजवायचं, कुठे पोचवायचं हे सगळं मात्र त्याच्या हातात होतं. तुमच्या शनिवारांचं तसं आहे का? दादाला बहुधा हेच विचारायचं आहे आणि त्याला ते नीट विचारता येत नाहीये.

म्हणून असं कर. ग्रुपवर काही लिहू नकोस, व्हॉइस मेसेजही पाठवू नकोस. रविवारी सकाळी, तुमच्या नेहमीच्या प्रॅक्टिसच्या वेळेला, एकटाच त्याच्या घरी जा. बाकीच्या दोघांना बरोबर नेलंस तर तो घेराव वाटेल. ड्रमसेट आणायला टेम्पो घेऊन तर मुळीच जाऊ नकोस. तू सेट उचललास की त्याच्या मनात बँड संपलाच. आणि गेल्या गेल्या अल्बमचा विषय काढू नकोस. सरळ म्हण, "दादा, शॅकचं आपण चौघांनी बसून कधी बोललोच नाही. तुला काय वाटतं ते मला ऐकायचंय." मग गप्प बस. तो ओरडेल, जुनं काढेल, 'सेव्हियर्स'वरही घसरेल. घसरू दे. त्याचं बोलून झाल्याशिवाय तू आपली बाजू मांडायची नाही.

'पोझर' हा शब्द परत आला तर तेवढ्यापुरतं बोल, एकदाच, आवाज न चढवता: "दादा, अल्बमला काय वाटेल ते म्हण, मला हे म्हणू नकोस. मला लागतं." पंधरा वर्षांनी मोठ्या माणसासमोर असं बोलायला जीभ रेटत नाही, हे मला कळतं. पण त्याने तुला ऐकायला शिकवलं म्हणजे तुझ्या आवडीनिवडीही त्याच्या मालकीच्या झाल्या असं नाही. उपकार मानावेत, आवड गहाण ठेवू नये. मला आवडतो बुवा, एवढं म्हणणं पुरे आहे. त्यासाठी पुरावे गोळा करायची गरज नाही आणि माफी मागायची तर नाहीच नाही.

तो निवळला, चहा झाला, तर मग अल्बमकडे वळ. त्याला विचार, 'सेव्हियर्स'मधलं त्यातल्या त्यात कमी वाईट गाणं कुठलं? तेच गाणं गॅरेजमधल्या स्पीकरवर लावा, फोनवर नको. फोनवर सगळेच अल्बम एकसारखे चपटे ऐकू येतात. त्याला गिटारबद्दल बोलू दे, किती थर चढवलेत, कुठे नको इतकं सारवलंय. तू त्याला ग्रीन डेचा ड्रमर ट्रे कूलचे ड्रम ऐकव, कुठे तो मागे थांबतो, कुठे ढकलतो. एका वेळी एकच गाणं. अख्खा अल्बम चांगला की वाईट हा वाद दोघांना आयुष्यभर पुरेल, पण एका गाण्यातल्या एका जागेबद्दल दोन वादक फार वेळ भांडू शकत नाहीत, थोड्या वेळाने ते ती जागा वाजवून बघायला लागतात. ड्रमसेट तिथे आहेच.

तो निवळला नाही तर दोन आठवडे जाऊ दे आणि पुन्हा जा. दुसऱ्यांदाही दार लागलं तर मात्र सेट घरी आण, त्याला आधी फोन करून, दिवस ठरवून. त्याच्या घरच्यांना मध्ये घालू नकोस.

शॅकवाल्याला होकार पक्का कळवण्याआधी चौघांनी बसून ह्या गोष्टी ठरवा. दर शनिवारऐवजी एक सोडून एक शनिवार चालेल का, म्हणजे प्रॅक्टिस मरणार नाही. यादी बँड ठरवणार की मालक. यादीत तुमची स्वतःची दोन-तीन गाणी तो चालवून घेईल का. दादा राजी होईल तर बहुधा याच अटीवर होईल, म्हणून मालकाकडे हा विषय सगळ्यांत आधी काढा. उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, तेव्हा सातला सुरू करून दहाच्या आत आवरायचं हे त्याच्याशी स्पष्ट बोला, नाहीतर पोलीस आले की तो तुमच्याकडे बोट दाखवेल. दुसऱ्यांची गाणी वाजवण्यासाठी लागणारा परवाना त्याने काढलाय का तेही विचारा, ते काम जागेच्या मालकाचं असतं. पैसे किती, कधी आणि पावसाने किंवा गिऱ्हाईक नाही म्हणून एखादा शनिवार रद्द झाला तर काय, हे फोनवर न बोलता लिहून घ्या आणि खाली चौघांच्या सह्या करा. पहिली सही दादाची.